मुकी घंटा

डंबेल ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘मुकी घंटा’ असा आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. देवळातील घंटेचा दोर ओढता ओढता खांदे आणि छाती भरतात, हे ध्यानात आल्यावर इंग्लंडातील काही शौकिनांनी घंटा वगळून नुसती तिच्या दोराची योजना घरात बसवली आणि तिला ते नाव पडले, असे कोशकार सांगतात. पुढे नाव तेवढे उरले आणि ते हातात धरायच्या वजनाला चिकटले. इंग्रजी निबंधकार ॲडिसन याने १७११ साली ‘स्पेक्टेटर’ पत्रात, आपण रोज सकाळी तासभर खोलीच्या कोपऱ्यातील अशा मुक्या घंटेवर व्यायाम करतो, असे लिहून ठेवले आहे. आणि ह्या उद्योगाचा आवाज मुळीच होत नाही, हा तिचा गुण तो आवर्जून नोंदवतो. ॲडिसनच्या डोक्यावर माडी नसावी. आमच्या डोक्यावर आहे, आणि गेल्या वर्षापासून त्या माडीवर आमच्या भाचीचा व्यायामाचा स्टुडिओ आहे.

आमचे घर बडोद्याच्या दांडिया बाजारात. खाली आमची कचेरी, वर माडी. वडिलांच्या पश्चात माडीवर जुन्या फायली, मोडक्या खुर्च्या आणि आजोबांची करेल्याची जोडी एवढाच संसार होता. आजोबा प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात जात. माणिकरावांनी आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावाने व्यायाम मंदिर चालवले, आणि बडोद्याच्या मराठी घरांतली दोन-तीन पिढ्यांची मुले तिथल्या मातीतून उठली. ह्याच शहरात मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. सयाजीबागेतील संग्रहालयात एक शिळा आहे. ती १९०२ साली गामा पहिलवानाने उचलली आणि तिचे वजन बाराशे किलो आहे, असे प्रत्येक बडोदेकर पाहुण्याला छाती पुढे काढून सांगतो. आजचे जगज्जेते जमिनीवरून ५०० किलोच्या थोडे पलीकडे पोहोचतात, तेव्हा ह्या साक्षीची उलटतपासणी घेण्याचा मोह आम्हांला अनेकदा झाला आहे. पण गावात राहायचे असल्याने तो आम्ही आवरला. सांगायचे ते इतकेच की, अशा शहरात, अशा घरात, माडीवर व्यायामशाळा निघणार म्हटल्यावर आमच्याकडून विरोध होणे शक्य नव्हते.

भाचीने शरीरशिक्षणाची पदवी घेऊन चार वर्षे दोन मोठ्या जिममध्ये नोकरी केली होती. तिला गर्दी नको होती. एका वेळी फार तर तीन माणसे, प्रत्येकाकडे तिचे स्वतःचे लक्ष, असा तिचा संकल्प. तिच्या वडिलांनी तिच्या नावाने ठेवलेली एक मुदतठेव होती. ते गेल्यावर बहिणीने तिला हात लावला नव्हता. ती मोडून हा संसार उभा राहणार होता. म्हणजे चुकीला जागा नव्हती.

पहिला प्रश्न आला तो वजनांचा. मोठ्या जिममध्ये भिंतीलगत डंबेल्सची रांग असते: अडीच किलोपासून पंचवीस किलोपर्यंत, अडीच-अडीचच्या टप्प्याने, दहा जोड्या. भाचीने कागदावर बेरीज मांडली. २७५ किलो लोखंड, त्याची लोखंडी मांडणी निराळी. माडीची लांबी चौदा फूट, रुंदी अकरा. आणि खाली सागवानी तुळयांचा कडीपाट, ज्याच्या वयाविषयी आमच्या घराण्यात एकमत नाही. गवंडी आला, त्याने तुळयांवर टिचक्या मारल्या आणि काही न बोलता चहा पिऊन गेला. त्या मौनाचा अर्थ आम्ही लावला आणि रांगेचा विचार सोडला.

उरली ती वजन बदलता येणारी डंबेल्स. एकच जोडी, तिच्यात दहा-पंधरा जोड्या सामावलेल्या. ही कल्पना दिसते तितकी नवी नाही. युजेन सँडो, ज्याच्या नावाचे बिनबाह्यांचे बनियन आपण आजही अंगात घालतो, त्याने शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी दोन फाळ्यांचे डंबेल विकायला काढले होते. फाळ्यांच्या मध्ये पोलादी कमानी. त्या कमी-अधिक केल्या की मुठीला लागणारा जोर कमी-अधिक होई. आता कमानींच्या जागी तबकड्या आल्या आहेत.

भाचीने ह्या वस्तूंचा अभ्यास असा केला की, आमच्या कनिष्ठांनी कज्जाचे कागद तसे वाचले असते तर आमचे अर्धे आयुष्य सुखाचे झाले असते. तीन जाती तिने निवडल्या. पहिली, मळसूत्री दांड्याची. दांडा, त्यावर चढवायच्या गोल तबकड्या आणि दोन्ही टोकांना चांदणीच्या आकाराची फिरकी. स्वस्त, साधी, आणि बदलायला अतिशय वेळखाऊ: एका जोडीच्या चार फिरक्या काढा, तबकड्या बदला, पुन्हा चार फिरक्या आवळा. दोन फेऱ्यांमधली विश्रांती मिनिट-दीड मिनिटाची. ती सगळी ह्या खटाटोपात जाते. दुसरी जात खिट्टीची. लोखंडी चौकटी एकीच्या पोटात एक अशा बसलेल्या, हवी तिथे खिट्टी घातली की तितक्या चौकटी हाताबरोबर वर येतात. टिकाऊ आणि झटपट; पण मूठ पिंजऱ्यात घातल्यासारखी वाटते, आणि किंमत मुदतठेवीला झेपणारी नव्हती. तिसरी जात डायलची, आणि तिनेच भाचीला मोहिनी घातली. तबकड्या प्लास्टिकच्या एका घडवंचीत रांगेने उभ्या, मधोमध दांडा. टोकाची चकती फिरवून हवा तो आकडा आणायचा की, आतल्या दात्यांच्या चकत्या तेवढ्याच तबकड्यांना धरतात आणि बाकीच्या घडवंचीतच राहतात. दोन सेकंदांचे काम. टक् टक् असा घड्याळासारखा आवाज.

“मामा, बघा ना, जादू आहे,” ती म्हणाली. आम्हीही पाहिले आणि भुललो. मागून कळले की, ह्या जातीच्या अनेक नमुन्यांत वजन हलके केले तरी दांड्याची लांबी तेवढीच राहते, म्हणून छातीवर दोन्ही हात जवळ आणताना टोके एकमेकांवर आपटतात. की पुष्कळांचे आकडे मुळात पौंडांचे असतात, त्यामुळे किलोत मांडले की पूर्णांक हाती लागत नाही. पण ह्या तक्रारी किरकोळ होत्या. दोन जोड्या आल्या.

वस्तू घेण्यापूर्वीच, हे आज लिहिताना लाज वाटते, भाचीने आमच्याकडून एक कागद करून घेतला होता. “सगळ्या जिम घेतात, मामा. तुमच्याकडून घेतलेला पक्का असेल.” आम्ही तो पक्का केला. मी स्वेच्छेने, धोक्याची पूर्ण जाणीव ठेवून, माझ्या जबाबदारीवर व्यायाम करीत असून कोणत्याही इजेबद्दल संचालिकेस दोषी धरणार नाही, इत्यादी. वीस वर्षांच्या वकिलीत असे कागद आम्ही किती लिहिले असतील त्याची गणती नाही. ते कोर्टात किती टिकतात ह्याचीही आम्हांला पुरी कल्पना आहे. तरी लिहिला. भाषा उत्तम झाली होती.

त्या कागदावर सही करणाऱ्यांत शेजारच्या काकू होत्या. वय अडुसष्ट. त्यांचे यजमान आमच्या वडिलांचे कारकून होते, आणि काकूंनी आम्हांला अर्ध्या चड्डीत पाहिलेले असल्याने त्या आजही आम्हांला ‘बाळ’ म्हणतात, समोर अशील असले तरी. हाडे ठिसूळ होत चालली म्हणून डॉक्टरांनी त्यांना हलक्या वजनाचा व्यायाम सांगितला होता. दुसरे एक निवृत्त बँक-अधिकारी, खांद्याचे दुखणे असलेले. तिसरा एक कॉलेजातला मुलगा, फौजेच्या भरतीची तयारी करणारा.

दुसऱ्या महिन्यात एके संध्याकाळी आम्ही खाली एका वाटणीच्या दाव्याची कैफियत सांगत होतो. डोक्यावर धाडकन आवाज झाला. कडीपाटातून शंभर वर्षांची धूळ उघड्या कागदांवर आली. आम्ही वर धावलो. काकू उभ्या होत्या, हातात डंबेल होते, आणि त्याची एक तबकडी त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर फळीत रुतली होती. भाचीच्या तोंडावर रक्त नव्हते.

प्रकार असा झाला होता. बँकेच्या साहेबांनी आपली फेरी संपवून डंबेल घडवंचीत ठेवले. ते एका बाजूने पुरते बसले नसावे. भाची त्या वेळी मुलाची पाठ सरळ करीत होती. साहेबांनी सौजन्याने काकूंसाठी आकडा फिरवून दिला. काकूंनी उचलले. जी तबकडी घडवंचीत राहायची ती काठाला अडकून वर आली, आणि मग सुटली. दोष यंत्राचा, साहेबांचा, भाचीचा की कोणाचाच नाही, हे ठरवणारा पुरावा त्या फळीतल्या खळग्याव्यतिरिक्त काही नाही.

काकू सगळ्यांत आधी सावरल्या. आम्हांला दारात पाहून म्हणाल्या, “वकीलसाहेब, मी सही केली आहे हो. तुम्ही काळजी करू नका.”

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. चेष्टाही नसावी, आमचा जीव भांड्यात पडावा ह्याच हेतूने त्या बोलल्या, अशी आमची खात्री आहे. पण त्यांनी ‘बाळ’ म्हटले नाही. रात्री आम्ही जेवलो नाही. बायकोने कारण विचारले तेव्हा धुळीमुळे घसा बसला असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी वकील जे करतो ते आम्ही केले: विक्रेत्याला नोटीस लिहायला घेतली. तेव्हा वॉरंटीचा कागद प्रथमच नीट वाचला. घरगुती वापरापुरती हमी. व्यावसायिक वापर झाल्यास हमी संपुष्टात. विक्रेत्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्याने काही लपवले नव्हते, वाक्य ठळकच छापलेले होते. कायद्याचा आधार आमच्याकडे नव्हता असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नव्हे असे म्हटल्यावर लगेच एक खुलासा दिला आहे: केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगाराने जो ती वस्तू स्वतः वापरतो त्याचा हेतू व्यापारी धरायचा नाही. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सीमा टंकलेखकाच्या आणि टॅक्सीवाल्याच्या उदाहरणांनी स्पष्ट केली होती. टंकलेखक इतरांची पत्रे टंकतो, पण बोटे त्याची असतात. आमची भाची ह्या व्याख्येत बसते, असा युक्तिवाद आम्ही उभे राहून तासभर करू शकलो असतो.

पण तो मनात रचत असतानाच आमची लेखणी अडली. टंकयंत्रावर बोटे टंकलेखकाचीच असतात, टॅक्सीचे चाक टॅक्सीवाल्याच्याच हाती. इथे तसे नव्हते. वस्तू भाचीची, चकती फिरवली साहेबांनी, उचलली काकूंनी. घरात डायलचे डंबेल चालते ते ह्यासाठी की, जो हात आकडा फिरवतो तोच हात उचलतो. नीट बसले की नाही ते त्या हाताला कळते, आणि चुकला तर पाय त्याचाच. स्टुडिओत हे दोन हात निराळे होतात. एकाने केलेले कुलूप दुसऱ्याने विश्वासावर उचलायचे. आणि ते कुलूप आवरणाच्या आत, डोळ्यांना न दिसणारे. ‘घरगुती वापरापुरते’ ह्या शब्दांचा आम्ही विक्रेत्याची पळवाट असा अर्थ करीत होतो. त्यांत त्याला स्वतःलाही कदाचित न उमजलेले एक शहाणपण होते. नोटीस आम्ही फाडली. भाचीने विनंती केली तेव्हा विक्रेत्याने एक जोडी निम्म्या किमतीत परत घेतली, दुसरी तिने एका मैत्रिणीला घरासाठी दिली, आणि ती मैत्रीण तिच्यावर फार खूश आहे.

ह्या सुमारास वाचनात आले की, जून २०२५ मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्स कंपनीची सुमारे ३८ लक्ष डायलची डंबेल्स, उचलताना तबकड्या सुटू शकतात म्हणून, परत मागवण्यात आली. शंभरांवर माणसांना इजा झाल्याच्या नोंदी होत्या. आमच्या माडीवरची जोडी त्या कंपनीची नव्हती. लाखो घरांत अशी डंबेल्स वर्षानुवर्षे सुखाने नांदली आहेत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण ती बातमी वाचून भाचीला थोडे बरे वाटले, आणि आम्हांला मुळीच नाही.

दुसऱ्या वेळची निवड जादू न पाहता झाली. भाचीने आपल्या वहीतून माणशी वजने काढली. तेव्हा दिसले की तिचे अर्धे काम पाच किलोंच्या आत होते. काकूंना दोनवरून तीनवर जायला पाच आठवडे लागले. अडीचवरून एकदम पाच म्हणजे ओझे दुप्पट, हे खांद्याला मान्य होत नाही. मग हलक्या वजनांना बदलती योजना हवीच कशाला? एक, दोन, तीन, चार आणि पाच किलोंच्या एकसंध जोड्या तिने घेतल्या; सगळ्या मिळून तीस किलो, तुळयांना भार नाही. त्यांच्यातून काही सुटूच शकत नाही. त्यावरच्या वजनांसाठी मळसूत्री दांड्यांच्या दोन जोड्या. खिट्टीची जात आमच्या मते सर्वांत योग्य होती, अजूनही आहे. पैसे साठले की ती घ्यावी असा आमचा आग्रह आहे, आणि त्यावर “बघू या, मामा” असे उत्तर येते.

तबकड्या घरी आल्यावर भाचीने त्या वाण्याकडे नेल्या. वाणी चकित झाला, पण काटा त्याने मोकळा करून दिला. अडीच किलो कोरलेली एक तबकडी दोन किलो तीनशे ऐंशी ग्रॅम भरली, दुसरी अडीचच्या वर. ही गोष्ट कोणत्या कायद्याखाली येते ते आम्हांला ठाऊक होते. आम्ही गप्प बसलो. भाचीने प्रत्येकीवर खरे वजन रंगाने लिहिले, आणि जवळजवळच्या जुळवून जोड्या लावल्या. दांड्याचेही वजन असते, हे बहुतेकजण विसरतात. तिने तेही दांड्यावर लिहिले. तबकडी दोन्ही टोकांना सारखी हवी, म्हणून सव्वा किलोची लहानात लहान तबकडी घेतली तर उडी अडीच किलोंचीच होते, हे ध्यानात आल्यावर अर्ध्या किलोच्या आठ तबकड्या तिने मागाहून मागवल्या.

वेळेचा प्रश्न राहिलाच. त्यावर तिने अशी तोड काढली की, साधारण सारखे वजन उचलणारी माणसे एका तासाला बोलवायची, आणि जोडी तास सुरू होण्यापूर्वीच लावून ठेवायची. मधे बदलावी लागली तर जो उचलणार आहे त्यानेच फिरकी आवळायची. फौजेच्या मुलाने प्रथम तक्रार केली. आता त्याचा हात असा बसला आहे की, भरतीत फिरक्या आवळण्याची परीक्षा असती तर तो पहिला आला असता.

आमचा कागद मात्र फायलीत आहे. फाडून टाकावा असे आम्ही सुचवले, तर भाची म्हणाली, “राहू दे, मामा. फक्त शेवटचं वाक्य काढा.” शेवटचे वाक्य संचालिकेस दोषी न धरण्याविषयीचे होते. त्या जागी आता दुखणी, औषधे आणि अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचे त्याचा फोन क्रमांक, एवढे लिहून घेतले जाते. कायद्याच्या दृष्टीने कागद पार निकामी झाला आहे. काकूंनी नव्या कागदावर सही करताना चष्मा लावून तो पूर्ण वाचला, आणि ‘अडचणीच्या वेळी’ ह्या रकान्यात आमचे नाव घातले.

त्या अजून वर येतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सायंकाळी पाच. साडेपाच किलोंपर्यंत गेल्या आहेत, म्हणजे त्यांनाही आता दांडा लागतो. फिरकी त्या स्वतः आवळतात, आणि भाचीने पाहिली तरी पुन्हा एकदा आवळतात. खाली कचेरीत तो आवाज स्पष्ट येतो. लोखंडावर लोखंड फिरल्याची किर्र, मग ठक्क. एका जोडीला चार वेळा. ॲडिसनची घंटा मुकी होती, आमच्या डोक्यावरच्या बोलतात, आणि अशिलाची हकिकत ऐकता ऐकता त्या मोजण्याची आम्हांला सवय लागली आहे. परवा एक, दोन, तीन झाल्या आणि पुढे काही आले नाही. आम्ही लेखणी खाली ठेवली. समोरचे अशील म्हणाले, “साहेब, पुढे सांगू का?” आम्ही हाताने त्यांना थांबवले. वरून काकूंचा आवाज आला, काहीतरी हसण्याचा. मग किर्र, ठक्क.

“सांगा,” आम्ही म्हणालो.